मुलांच्या संघटनेत स्वयंसेवक व्हायचंय? व्हेरिफिकेशन पोर्टलचा रिव्ह्यू (आणि फोन करणाऱ्या बाईंचा)

पोर्टलला दोन स्टार, त्यामागे काम करणाऱ्या माणसांना पाच, आणि एकच आकडा द्यावा लागतो म्हणून साडेतीन. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. ज्यांना खरंच हे सगळं करायचंय त्यांनी मात्र पुढे वाचा, कारण कुठे अडकायला होतं ते संघटनेच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही.

तर विषय असा. मुलामुलींना कॅम्प, हायकिंग, गाठी बांधणं, फर्स्ट एड असलं सगळं शिकवणारी एक संघटना आहे. नाव मुद्दाम देत नाहीये कारण माणसं चांगली आहेत आणि पोर्टल काही त्यांनी स्वतः बनवलेलं नाही, बाहेरच्या कंपनीकडून घेतलंय. मोठ्या माणसांना मदतनीस म्हणून यायचं असेल तर आधी पार्श्वभूमी तपासणी, मग रेफरन्स, मग छोटी मुलाखत, मग ऑनलाइन ट्रेनिंग, आणि स्क्रीनवरचे सगळे टप्पे हिरवे झाल्याशिवाय मुलांच्या आसपास फिरकायचं नाही. "तोवर नुसतं बघायला येऊ का" असं मी विचारून पाहिलं, तर नाही म्हणजे नाही. हे मला आवडलं, कारण जिथे "या हो, कागदांचं नंतर बघू" म्हणतात तिथे ते नंतर कधी उगवतच नाही.

आता फॉर्म. पहिलं नाव, आडनाव असे दोनच रकाने. मधलं नाव पहिल्या नावाबरोबर टाकलं की लाल रेघ, नाही टाकलं तर ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून परत लाल रेघ. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असेल तर विचारूच नका. आणि पत्ते मागच्या पाच वर्षांचे, महिन्यासकट, मधे जरासुद्धा गॅप चालत नाही. भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला विचारा ही काय भानगड असते ते. एक घर महिनाअखेरीला सोडलेलं, दुसऱ्याची किल्ली पुढच्या महिन्यात मिळालेली, मधले दिवस बहिणीकडे काढलेले, आणि पोर्टलच्या मते त्या दिवसांत मी अस्तित्वातच नव्हते. बहिणीचा पत्ता टाकला तेव्हा कुठे ते पुढे सरकलं.

ओळखपत्राचा फोटो हा वेगळाच ताप. उजेड पडला की अस्पष्ट, सावली पडली की अस्पष्ट, आणि हे ठरवणार कोण तर मशीन. खिडकीपाशी टेबलावर काळी फाईल ठेवली, त्यावर कार्ड, फ्लॅश बंद, मोबाईल अगदी सरळ वरून धरला, तेव्हा घेतला त्याने. तेवढ्यात सेशन संपलं. ड्राफ्ट सेव्ह करायचं बटण आहे बरं का, पण पानाच्या सगळ्यात खाली, फिक्या करड्या रंगात, म्हणजे शोधायचं ठरवलं तरच दिसणार.

पण ह्या सगळ्या कटकटीत एक रकाना असा आहे की त्याच्यावरून कुणी कुरकुर केली तर मी भांडेन. "पूर्वी वापरलेली सगळी नावं." लग्नाआधीचं आडनाव, बदललेलं नाव, दुसऱ्या कुठल्याही कागदावर असलेलं नाव, सगळं. माझ्याबरोबर फॉर्म भरणाऱ्या एका बाईंनी वैतागून विचारलं की माझं माहेरचं नाव घेऊन हे काय करणार आहेत. तर करतात. इंग्लंडमध्ये सोहम नावाच्या गावात २००२ साली दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयान हंटली तिथल्या एका शाळेत केअरटेकर होता आणि नोकरीवर घेताना त्याची पोलीस तपासणी झालेली होती. पण तो दोन आडनावं वापरायचा आणि तपासणी झाली ती एकाच नावावर, दुसऱ्या नावावर कुणी बघितलंच नाही. शिवाय आधी तो ज्या भागात राहायचा तिथल्या पोलिसांकडे त्याच्याबद्दल लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी येऊन गेलेल्या होत्या, त्या इकडे पोचल्याच नाहीत. २००४ मध्ये ह्या प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा, म्हणजे बिशर्ड चौकशीचा अहवाल आला, त्यातून मुलांबरोबर काम करणाऱ्यांना तपासायचा २००६ चा कायदा आला, आणि २०१२ मध्ये तिथे दोन वेगळी खाती एकत्र करून डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस सुरू झाली, जी अशा माणसांच्या नोंदी तपासते आणि बंदी घातलेल्यांची यादी ठेवते. तेव्हा जुनी नावं आणि जुने पत्ते मागतात ते उगाच नाही. मागायची पद्धत सुधारा एवढंच म्हणणं आहे.

पोर्टलवाल्यांनी त्या रकान्याखाली दोन ओळी टाकल्या असत्या की हे का विचारतोय, तर अर्धी चिडचिड तिथेच संपली असती. माणूस कारण कळलं की भरतो हो.

पुढचा भाग पात्रतेचा, आणि इथे पोर्टल सगळ्यात जास्त गोंधळलेलं आहे. पहिला प्रश्न, तुमची भूमिका कोणती. ड्रॉपडाऊनमध्ये "नियमित स्वयंसेवक", "प्रासंगिक मदतनीस", "पालक सहभागी" असे पर्याय. प्रासंगिक म्हणजे किती? कुठेच लिहिलेलं नाही. मी ट्रेकला अधूनमधून जाणार, एखाद्या कॅम्पला रात्री राहणार, मग मी कोण? हेल्पलाईनला विचारलं तर "तुम्हाला योग्य वाटेल तो पर्याय निवडा." अहो, योग्य काय ते ठरवायलाच तर तुम्ही बसलाय ना.

हे नीट लिहिता येतं. इंग्लंड-वेल्समधला नियमच बघा. देखरेखीशिवाय मुलांना शिकवणं, सांभाळणं, ट्रेनिंग देणं हे आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा होत असेल, किंवा ३० दिवसांत ४ किंवा जास्त दिवस होत असेल, किंवा रात्री २ ते पहाटे ६ च्या मधे होत असेल तर ते "रेग्युलेटेड ॲक्टिव्हिटी"त येतं आणि मग सगळ्यात वरच्या पातळीची तपासणी, बंदी घातलेल्या लोकांच्या यादीसकट. रात्री २ ते ६! वाचताना आधी गंमत वाटते, पण किती स्पष्ट आहे. एक रात्र तंबूत राहिलात तरी तुम्ही त्यात आलात, वाद संपला. आणि त्या बंदीच्या यादीत नाव असलेल्या माणसाने असं काम करणं, अगदी फुकटसुद्धा, हा गुन्हा आहे. कळूनसवरून त्याला घेणारी संस्थाही अडकते.

पालकांचा प्रश्न तर सगळीकडेच नाजूक. "मी माझ्याच मुलाबरोबर येतोय, माझी कसली तपासणी?" हे वाक्य प्रत्येक कॅम्पच्या आधी कुणीतरी म्हणतंच. पण कॅम्पवर तुमचं मूल एकटं नसतं, बाकीच्यांची पण असतात, आणि त्यांच्या आईबापांनी तुम्हाला ओळखायचं काय कारण? अमेरिकेतल्या स्काउटिंगवाल्यांनी सप्टेंबर २०२३ पासून नियमच केला की कार्यक्रमात रात्री मुक्कामाला राहणारा प्रत्येक मोठा माणूस नोंदणी झालेला पाहिजे, अगदी लहान मुलांच्या गटात पालकांना थोडी सूट आहे तेवढीच. आमच्या संघटनेत पण मुक्कामाला तोच नियम चालतो, पण तो मला मुलाखतीत कळला. पोर्टलवर "पालक सहभागी" निवडलं तर सरळ तपासणीशिवाय हिरवी खूण मिळते! हे मी कळवलंय. हा रिव्ह्यू लिहीपर्यंत तरी तसंच आहे. दोन स्टार का दिले ते कळलं असेल.

वयाचं बरं लिहिलंय. १८ पूर्ण झाल्याशिवाय प्रौढ स्वयंसेवक नाही, आणि जबाबदार लीडर व्हायला २१. अमेरिकन स्काउटिंगमध्ये पण प्रत्येक कार्यक्रमाला २१ किंवा त्यावरची नोंदणीकृत दोन मोठी माणसं लागतातच. १८ ते २१ मधल्या पोरांना हे जाचक वाटतं, काल-परवापर्यंत जे स्वतःच त्या गटात होते त्यांना आज अचानक सांगायचं की तू आता मोठ्यांच्या बाजूला, कालच्या मित्रांबरोबर एका तंबूत झोपायचं नाही, पर्सनल मेसेज नाहीत. मुलाखतीच्या दिवशी असाच एक मुलगा बाहेर बसला होता, तोंड एवढंसं करून. त्याला संघटनेच्या समन्वयक बाईंनी (वर शीर्षकात म्हणलंय त्या फोन करणाऱ्या बाई ह्याच) फार छान समजावलं, म्हणाल्या तुझ्यावर संशय नाही रे, पण १६ वर्षांच्या मुलीला तू आता दादा नाहीस, तू अधिकारी आहेस, आणि तिला तुला नाही म्हणणं आधीपेक्षा अवघड जाणार आहे. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने क्रीडा प्रशिक्षक आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांनासुद्धा ह्या "विश्वासाच्या पदा"त धरलं, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या १६-१७ वर्षांच्या मुलांशी संमतीने का होईना संबंध ठेवले तरी गुन्हा. बाई जे बोलल्या ते तेच, साध्या भाषेत.

आता पोलीस रेकॉर्ड. इथे लोकांच्या मनात दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, कसलीही जुनी नोंद असली की दार बंद. दोन, नोंद नसली की माणूस धुतल्या तांदळासारखा. दोन्ही खोटं.

पहिल्याबद्दल पोर्टलला एक गुण जास्त देते, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की नोंद असणं म्हणजे आपोआप नकार नाही, गुन्हा कसला, किती जुना, तेव्हा वय काय होतं, मुलांशी संबंध आहे का ते बघून ठरवणार, आणि मुलांविरुद्धचे गुन्हे असतील तर मात्र चर्चा नाही. बरोबर आहे हे. विशीत कुणाशी मारामारी केलेला माणूस चाळिशीत उत्तम लीडर होऊ शकतो. फक्त विचारलं की सांगायचं, लपवायचं नाही, कारण बऱ्याच ठिकाणी गुन्ह्यापेक्षा लपवणंच नडतं.

पण नावावरून होणारी तपासणी किती कच्ची असते त्याचा नमुना पण बघायला मिळाला. आमच्या बॅचमधल्या एकाचं नाव-आडनाव असं की शंभर ठिकाणी सापडेल. त्याचा स्टेटस "पुनरावलोकन चालू" वर जाऊन बसला तो हलेचना. कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाची केस, नाव सारखं, जन्मवर्षसुद्धा जवळपास. बोटांचे ठसे घेऊन केलेल्या तपासणीत हा घोळ होत नाही सहसा, पण ती महाग आणि वेळखाऊ म्हणून खूप ठिकाणी नाव आणि जन्मतारखेवरच भागवतात. ते पण एक वेळ ठीक, पण त्याला कुणी सांगेना की अडकलंय काय! पोर्टलच्या चॅटवर तेच तेच उत्तर, "आपली विनंती प्रक्रियेत आहे." बिचारा घरी कुणाला सांगेना की मी अडकलोय, लोक काय समजतील. अमेरिकेत खासगी कंपनीकडून नोकरीसाठी असा रिपोर्ट काढून त्यावरून नकार द्यायचा झाला तर आधी त्या माणसाला रिपोर्टची कॉपी द्यावी लागते, म्हणजे चूक असेल तर तो दाखवू शकतो. असं काहीतरी इथे पाहिजेच. शेवटी समन्वयक बाईंनी स्वतः फोनाफोनी करून त्याला कागद मागवून दिले आणि तो सुटला. परत माणसांनीच निस्तरलं.

दुसरी समजूत जास्त घातक. स्वच्छ रिपोर्टचा अर्थ एवढाच की हा माणूस अजून पकडला गेलेला नाही, किंवा पकडला गेला ते ह्या यादीत आलेलं नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर, शेकडो मुलींनी त्याच्याविरुद्ध जबाब दिले, पण अटक होईपर्यंत त्याच्यावर एकही गुन्हा शाबित नव्हता. त्याची कुठल्याही वर्षी तपासणी केली असती तरी कागद कोरा आला असता. तक्रारी आधी झाल्या होत्या, पण ज्यांच्याकडे झाल्या त्यांनी तिथेच दाबल्या. म्हणून नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबणारी संस्था असेल तर माझं मूल मी तिथे घालणार नाही, एवढं स्पष्ट सांगते.

आणि म्हणूनच मला ह्या संघटनेचा रेफरन्सवाला भाग सगळ्यात भारी वाटला. बहुतेक ठिकाणी रेफरन्स म्हणजे ईमेलवर एक फॉर्म जातो, "ही व्यक्ती प्रामाणिक आहे का, होय/नाही", समोरचा चहा पिता पिता होय करून मोकळा. इथे बाई फोन करतात. नातेवाईक चालत नाही, माझ्या यादीतली मामेबहीण लगेच उडाली. निदान एक जण असा पाहिजे ज्याने तुम्हाला मुलांबरोबर वागताना बघितलंय. माझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमना त्यांनी काय विचारलं ते मॅडमनी मला नंतर सांगितलं. आधी इकडचं तिकडचं, किती वर्षं ओळखता, कशा स्वभावाच्या, राग आला की काय करतात. मग, "तुमच्या स्वतःच्या मुलांना दोन रात्री ह्यांच्या भरवशावर पाठवाल का?" आणि मॅडम हो म्हणाल्यावर फोन ठेवला नाही, थोडं थांबल्या आणि विचारलं, "कधी एखादी गोष्ट खटकली होती का, अगदी बारीकशी, जी सांगावी की नाही असं वाटतंय?" मॅडम म्हणाल्या त्या शांततेत मी उगाच आठवायला लागले. काही नव्हतं म्हणून बरं. पण असतं तर बाहेर आलं असतं ना! होय-नाहीच्या फॉर्ममध्ये हे कुठून येणार. जुन्या तक्रारी, कुजबुज, "त्याला त्या क्लबमधून शांतपणे जायला सांगितलं होतं" असली माहिती पोलिसांच्या कॉम्प्युटरवर नसते, ती माणसांकडे असते, आणि ती काढून घ्यायला आवाज लागतो.

मुलाखत दोघांनी घेतली, एकट्याने नाही. प्रश्न साधे वाटतात पण बरोबर ठिकाणी बोट ठेवतात. तुम्हाला मुलांमध्ये काम का करायचंय. मूल रात्री उशिरा तुम्हाला मेसेज करून रडतंय, काय कराल. सगळे गेले, एका मुलाला न्यायला कुणी आलं नाही, पाऊस पडतोय, तुमची गाडी उभी आहे. ह्याच्यावर मी म्हणलं सोडेन घरी, अजून काय करणार. तर त्यांनी चूक-बरोबर काही न म्हणता पुढे विचारलं, दुसरं कुणी मोठं माणूस थांबवता येईल का, पालकांना फोन करून त्यांच्या कानावर घालाल का, मूल मागच्या सीटवर बसेल का, नोंद कुठे कराल. म्हणजे मूल पावसात सोडून जा असं कुणी म्हणत नाही, पण एकट्याने गुपचूप काही करायचं नाही. निम्मे नियम ह्या एका गोष्टीभोवतीच आहेत. दोन मोठी माणसं कायम, बंद दाराआड एकास एक नाही, चॅट करायची तर ग्रुपवर किंवा पालकांना घेऊन. ब्रिटनच्या स्काउट्सकडे ह्याचं एक पिवळं कार्ड असतं, खिशात मावेल एवढं, काय करायचं आणि काय नाही ते लिहिलेलं. आमच्याकडे चाळीस पानी पीडीएफ आहे. कुणी वाचत नाही. पिवळं कार्ड करा.

ट्रेनिंगचं मॉड्यूल सरासरी आहे. रोबोटसारखा आवाज, पुढे ढकलता येत नाही, आणि शेवटच्या क्विझमध्ये बरोबर उत्तर नेहमी सगळ्यात लांब असतं त्यामुळे झोपेतसुद्धा पास व्हाल. एक प्रसंग मात्र फार नीट रचलाय. एक लीडर, सगळ्यांचा लाडका, एकाच मुलाला सारखी छोटी गिफ्ट देतो, त्याच्या आईला घरच्या कामात मदत करतो, "हे आपल्यातच ठेव" म्हणतो, आणि प्रत्येक पायरीला मॉड्यूल थांबून विचारतं, आता काही खटकतंय का? आता? मी तरी पहिल्या दोन पायऱ्यांना नाही म्हणलं असतं. अत्याचार करणारे लोक आधी मुलाला नाही, आजूबाजूच्या मोठ्या माणसांना जिंकतात, हे असं दाखवल्याशिवाय पटत नाही. आणि संशय आला तर स्वतः शोध घ्यायचा नाही, मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही, जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि जबाबदार माणसाला त्याच दिवशी कळवायचं, हे पण त्यात आहे. भारतात तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असताना पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, शिक्षा कलम २१ मध्ये. २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी पण सांगितलीय, फक्त भाषा सगळी कर्मचाऱ्यांची आहे, फुकट काम करणारा स्वयंसेवक त्या शब्दांत नीट बसत नाही. म्हणजे संस्थेने स्वतःहून केलं तरच.

जुन्या लोकांचं काय, हा प्रश्न पण मी विचारला, कारण नेहमी नवीन येणाऱ्यालाच चाळणी लावतात आणि वीस वर्षं असलेल्या काकांना कोण विचारणार. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने (हल्लीचं नाव स्काउटिंग अमेरिका) नवीन स्वयंसेवकांची गुन्हे तपासणी २००३ मध्ये सक्तीची केली, सगळ्यांची व्हायला २००८ उजाडलं. पुढे २०२० मध्ये त्यांना दिवाळखोरीत जावं लागलं आणि जुन्या अत्याचारांचे ८२ हजारांच्या वर दावे आले. इथे सगळ्यांना सारखाच नियम आहे, अध्यक्षांनासुद्धा. एक ज्येष्ठ सर रुसले होते म्हणे, "इतकी वर्षं दिली आणि आता आमचे पत्ते तपासता?" त्यांना बाईंनी सांगितलं, सर तुम्ही आधी भरलात तर बाकीचे गप भरतील. भरला त्यांनी. त्यांच्या स्क्रीनवर पण लाल रेघा आल्या असतील, त्याचं मला जरा समाधान आहे.

प्रायव्हसीमध्ये पोर्टल परत नापास. माझ्या ओळखपत्राचा फोटो कुठे राहतो, किती दिवस राहतो, कोण बघतं, हे एका लांबलचक पानात गाडून ठेवलंय. डीबीएसमध्ये सर्टिफिकेट थेट अर्जदाराच्या हातात येतं, तो ते संस्थेला दाखवतो, संस्थेला मूळ प्रत आपोआप जात नाही. इथे उलटं, संघटनेच्या डॅशबोर्डवर माझे पाच वर्षांचे पत्ते दिसत होते. बाईंनीच स्वतः दाखवलं आणि म्हणाल्या मला हे नकोय, मला फक्त हो किंवा नाही पाहिजे. काम झाल्यावर कागद पुसून टाका अशी लेखी विनंती केली की करतात, पण ते तुम्ही मागायचं. मागा.

रिन्यूअल. सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवसाचा फोटो, दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्यात नसतं. डीबीएसच्या सर्टिफिकेटला तर एक्स्पायरीच नसते, परत कधी करायचं ते संस्थेने ठरवायचं. म्हणून तिथे अपडेट सर्व्हिस आहे, म्हणजे सर्टिफिकेटनंतर काही नवीन आलंय का ते ऑनलाइन बघायची सोय, स्वयंसेवकांना फुकट, पण सर्टिफिकेट निघाल्यापासून ३० दिवसांत जोडून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्याची वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची तपासणी, ५ वर्षं चालते आणि मधल्या काळात नवीन नोंद आली तर यंत्रणेला कळतं. पण तिथे प्रत्येक राज्याची चेक वेगळी, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तिथल्या रॉयल कमिशनने २०१५ मध्येच एकसारखी पद्धत करा असं सांगितलं होतं. आमच्या पोर्टलवर मधल्या काळात काही झालं तर कळायची सोयच नाही, तीन वर्षांनी सगळा फॉर्म पहिल्यापासून. आणि दुसऱ्या संस्थेत जायचं तर तिथे परत शून्यापासून, तेच पत्ते, तीच बहीण. फी मात्र स्वयंसेवकांकडून घेत नाहीत, संघटना भरते, ते चांगलंय, नाहीतर फुकट काम करायला पण पैसे भरा म्हणल्यावर कोण येणार.

भरायला बसणार असाल तर जुन्या घरांच्या तारखा आधी कागदावर काढून ठेवा, रेफरन्स देणाऱ्यांना सांगून ठेवा की अनोळखी नंबर उचला आणि मोकळेपणाने बोला, भूमिकेत "नियमित स्वयंसेवक" निवडा, एक रात्र जरी राहणार असाल तरी. रिन्यूअलची आठवण पोर्टल ईमेलवर पाठवतं आणि ती स्पॅममध्ये जाते, तेव्हा ती तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये स्वतःच टाकून ठेवा.